मामांची साखर

मामा आले ते रेवाचं दप्तर खांद्याला अडकवून. रेवा बरोबर नव्हती.

त्या दिवशी कॉलेजातला माझा शेवटचा तास नव्हता, म्हणून मी लवकर घरी आले होते. दारात चपला काढत होते. मामांनी ते सशाचं तोंड असलेलं गुलाबी दप्तर नीट खुंटीला लावलं, खुर्चीत बसले आणि पंच्यानं मानेवरचा घाम पुसला. मार्गशीर्षातली थंड दुपार होती.

"मामा, रेवा कुठंय?"

"आलीय की."

"कुठं आलीय?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. नजर माझ्या तोंडावरच होती, पण मी काही त्यांना दिसत नव्हते. "बसवलंय तिला," ते म्हणाले. "लागली की हाक मारतो."

"काय लागली की?"

मी एक चप्पल पायात, एक दारात, अशी बाहेर पळाले.

बालवाडी आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडं. मधे मोठा रस्ता, आणि त्यावरून बाजार समितीकडं जाणारे मालट्रक. रस्ता येईपर्यंत माझ्या डोळ्यांपुढं काय काय आलं ते मी आजही कुणाला सांगत नाही. रस्त्याच्या अलीकडं, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीच्या पायरीवर रेवा बसली होती. पाय हलवत, केसांवर पीठ बसलेलं. गिरणीवाल्या बाईंनी तिच्या हातात शेंगदाणे दिले होते.

"आई, तू का आलीस? आजोबा म्हणाले, इथंच बस, हलू नको. गाडी लागली की हाक मारतो."

"कुठली गाडी गं?"

"लातूरची," रेवा म्हणाली, जणू हे मला माहीत असायला हवं होतं.

मामा म्हणजे माझे सासरे, महालिंग उंबरजे. आमच्याकडं सासऱ्याला मामा आणि सासूला आत्याच म्हणतात. मामांची उभी हयात बार्शीच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून गेली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार, कधी सुटणार, ते काचेच्या खोलीत माईक घेऊन सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतरही गावात लोक त्यांना आवाजावरून ओळखायचे. कडेवर पोर घेतलेल्या बायांना, म्हाताऱ्यांना ते स्वतः बाहेर येऊन बाकावर बसवत आणि गाडी लागली की हाक मारत, असं आत्या सांगायच्या.

रेवाला कडेवर घेऊन मी घरी आले तर मामा स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवत होते. झाकून ठेवलेली भाकरी-भाजी त्यांनी आपली आपण वाढून घेतली होती. मला पाहून म्हणाले, "अगं, एकच चप्पल घालून कुठं हिंडतीस? आणि ही अशी पीठमीठ लावून? हात धू गं आधी."

आवाज नेहमीचा. डोळे नेहमीचे. मी विचारलं, "मामा, रेवाला आणायला गेला होता ना?"

"मग? आणली की," ते म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडला.

संध्याकाळी मी सिद्धेशला फोन केला. माझा नवरा तेव्हा पुण्याला नोकरीला होता, शनिवारी यायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वय झालंय गं. अठ्ठ्याहत्तर म्हणजे काय कमी आहे? विसरायला लागलेत." शेजारच्या गल्लीतल्या एका वकिलांचं असंच झालं होतं. सुरुवात अशीच, आणि दोन वर्षांत ते स्वतःच्या मुलाला घरमालक समजायला लागले होते. मी मोबाइलवर वाचत बसले, आणि जितकं वाचलं तितकं सगळं मामांना लागू पडत गेलं. मधेच चिडतात. मधेच गप्प होतात. परवा शर्टाची बटणं वर-खाली लावली होती.

दुसऱ्या दिवशी मी रेवाला रिक्षा लावली.

मामांना म्हणाले, "बालवाडीनंच सांगितलंय हो. आता सगळ्या मुलांना रिक्षा सक्तीची."

"सक्तीची," ते म्हणाले. थोड्या वेळानं पंचा खांद्यावर टाकून म्हणाले, "माझं काय चुकलं तर नाही ना, गिरिजा?"

"नाही हो मामा. तुमचं काय चुकणार?"

त्यांनी मान हलवली. मग रोज बालवाडी सुटायच्या वेळी ते फाटकापाशी जाऊन उभे राहायला लागले. रिक्षा येताना लांबून दिसली की कडी काढायचे, एवढंच काम त्यांच्याकडं उरलं होतं. ते काम ते वेळेच्या बऱ्याच आधी जाऊन करत. उशिरा येणाऱ्या रिक्षावाल्याला ऐकवायचे, "फलाट सोडून हिंडतोस काय रे?" आणि तो हसायचा.

एक गोष्ट मात्र मामांच्या हातात पक्की होती, ती म्हणजे त्यांची साखर. सकाळी अंघोळ, लिंगपूजा, कपाळाला विभूती, आणि मग ते छोटं मशीन काढून बोट टोचायचे. आकडा आला की अगदी स्टँडवरच्या आवाजात जाहीर करायचे, "गिरिजा, चौऱ्याऐंशी." मी आतून "वा" म्हणायचे. कौतुक मलाही होतं. माहेरी माझ्या वडिलांची साखर दोनशेच्या खाली यायला तयार नव्हती, आणि इथं सासऱ्यांचा आकडा पंचविशीतल्या पोरासारखा.

आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक मंडळानं तर त्याची स्पर्धाच केली होती. वर्षातून एकदा कार्यक्रम, त्याआधी सगळ्यांचं रक्त तपासायचं, आणि ज्याची तीन महिन्यांची सरासरी साखर सगळ्यात कमी त्याला 'आदर्श मधुमेही' म्हणून शाल-श्रीफळ. लागोपाठ दोन वर्षं ते मामांना मिळालं होतं. दोन्ही वेळा दुसरे आले ते मंडळाचे अध्यक्ष सुरवसे सर, निवृत्त मुख्याध्यापक. रोज सकाळी फिरून येताना ते आमच्या फाटकाशी थांबायचे.

"शरणार्थ, उंबरजे. किती आज?"

"चौऱ्याऐंशी."

"माझी शहाऐंशी. पण यंदा तुमचं काही खरं नाही. सकाळी कारलं, संध्याकाळी मेथी. बायको म्हणते, तुमच्याकडं बघूनसुद्धा तोंड कडू होतं."

"ते आधीपासून होतं, सर. कारल्यावर कशाला घालता?"

असं चालायचं. सर हसत पुढं जायचे, आणि मामा आत येऊन ताटातली भाकरी मोडून अर्धीच घ्यायचे. उरलेली अर्धी कुठं जाते हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं.

पुढं एका आठवड्यात कॉलेजला सुट्टी होती, बालवाडीला नव्हती. मी चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशीच, भाकरी थापत होते. खिडकीतून फाटक दिसायचं. मामा उभे होते. कडी काढायला त्यांनी हात वर नेला. हात कडीच्या शेजारून गेला. पुन्हा नेला, पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा त्यांनी कडी सोडून गजालाच धरलं आणि तिथंच उभे राहिले. मी पिठाच्या हातानं तशीच बाहेर गेले. सदरा पाठीला चिकटला होता. मनगट धरलं तर बर्फ.

"मामा, आत चला. बसा जरा."

त्यांनी हात ओढून घेतला. "हात सोडा, बाई. ड्युटीवर आहे मी."

ते मला नेहमी 'अगं-तुगं' करायचे. लग्न होऊन आले त्या दिवसापासून. त्यांना धरून, ढकलत, कसंबसं पायरीवर बसवलं. आता काय करायचं ते सुचेना. पोराचं अंग वेगळं लागलं की आई थर्मामीटर शोधते, तसा माझा हात फळीवरच्या त्या मशीनकडं गेला. बोट टोचलं. एक्कावन्न. मला वाटलं, माझ्या हाताला पीठ आहे, मशीनला काहीतरी लागलं असेल. हात धुऊन पुन्हा टोचलं. एकोणपन्नास.

साखरेचा डबा आमच्याकडं सगळ्यात वरच्या फळीवर असायचा, रेवाच्या दुधापुरता आणि पाहुण्यांपुरता. स्टुलावर चढून तो काढला, पेल्यात तीन-चार चमचे घातले, ढवळलं आणि त्यांच्या ओठांना लावलं.

मामांनी तोंड फिरवलं. "काय आहे?"

"साखरेचं पाणी."

"मला चालत नाही."

मी कोण ते त्यांना कळत नव्हतं, आपण कुठं आहोत ते कळत नव्हतं, पण साखर चालत नाही हे पक्कं माहीत होतं. ओठ घट्ट मिटलेले. मी विनवलं, दटावलं. पेला पुढं नेला की ते मान मागं घेत. मग मला काय वाटलं कोण जाणे, मी म्हणाले, "साहेब, लातूरची गाडी थांबलीय. तुम्ही हे घेतल्याशिवाय ड्रायव्हर गाडी काढत नाही म्हणतोय."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "प्रवासी बसले?"

"सगळे बसले. तुमच्यासाठीच थांबलीय."

"मग आण," ते म्हणाले, आणि पेला दोन्ही हातांनी धरून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसून राहिले. त्यांचा हात माझ्या हातात होता, आणि तो हळूहळू कोमट होत गेल्याचं मला कळत होतं. थोड्या वेळानं त्यांनी एक लांब श्वास घेतला, नाक वर करून वास घेतला.

"गिरिजा, अशी काय बघायलीस माझ्याकडं? आत भाकरी करपायलीय."

मला हसू आलं आणि रडूही. ते म्हणाले, "एका भाकरीसाठी रडतीस काय? मी खातो करपलेली."

तेवढ्यात रिक्षा आली. मामा उठले आणि कडी पहिल्याच झटक्यात काढली.

त्याच संध्याकाळी मी त्यांना डॉक्टर काझींकडं घेऊन गेले. नसरीन काझी म्हणजे गावातल्या एमडी डॉक्टर, बोलायला मोकळ्या. मामांनी गोळ्यांच्या पट्ट्या टेबलावर मांडल्या. आत्या होत्या तेव्हा एका डॉक्टरांनी लिहून दिलेल्या त्या गोळ्या. ते डॉक्टर गाव सोडून गेले, मामा दर महिन्याला त्याच गोळ्या दुकानातून आणत राहिले. बदलायचं कशाला, आकडा तर सोन्यासारखा.

"खाता काय, काका?"

"सकाळी गोळी, मग पूजा, मग अर्धी भाकरी, पालेभाजी. गोड शून्य."

"अर्धीच का?"

मामांनी छताकडं पाहिलं. मी म्हणाले, "मी तर पूर्ण वाढते, डॉक्टर."

"उरलेली अर्धी?"

"गाय येती दारावर," मामा म्हणाले.

डॉक्टरांनी तिथंच रक्त घेऊन तीन महिन्यांची सरासरी काढली. "सरासरी पाच पॉइंट आठ. काका, माझी स्वतःची यापेक्षा जास्त आहे."

"मग शाबासकी द्या की."

"नाही देत." त्यांनी खुर्ची पुढं ओढली. "हे बघा. पन्नाशीतल्या माणसाला मी म्हणेन, साखर जितकी आवरता येईल तितकी आवर, पुढं तीस वर्षं काढायचीत. तुमचं वेगळं. हृदयात स्टेंट आहे, किडनी थोडी दमलीय, त्यामुळं ही गोळी अंगात रेंगाळते. वर तुम्ही खाणार अर्धं. साखर खाली खाली जाते. सकाळी मशीनवर छान दिसते, दुपारी पार तळाला. घाम, थरथर, बोलणं भलतंच. कधी पडलात आणि खुब्याचं हाड मोडलं म्हणजे? तुमची सरासरी साडेसात-आठच्या आसपास असू दे. सकाळी सव्वाशे-दीडशे आली तरी मला चालेल. ही एक गोळी आजपासून बंद."

मी विचारलं, "आणि ते विसरणं?"

"आधी साखर वर येऊ दे. मग काय उरतं ते तपासू."

मला वाटलं, छातीवरचा दगड कुणीतरी उचलला. मामांकडं पाहिलं तर त्यांचा चेहरा एवढासा झालेला. आम्ही रिक्षात बसलो. स्टँडवरून जाताना म्हणाले, "समजलं मला."

"काय मामा?"

"जुनी झालेली गाडी आधी लांब पल्ल्यावरनं काढतात. मग खेड्यांच्या फेऱ्यांना घालतात. मग ती धूर सोडती का तेल गळती, कोण बघत नाही. म्हणतात, चालतंय तोवर चालू दे." ते बाहेर बघत होते. "तुझ्या आत्याची नऊ होती तेव्हा डॉक्टर लोक तिला किती बोलायचे. आणि मला म्हणतात, आठ चालंल. म्हणजे ह्याच्यावर आता मेहनत घेऊ नका, असंच ना?"

आत्यांचं मी पाहिलं होतं. पायाची जखम, मग बोटं, मग गुडघ्याखाली पाय. दोन वर्षं मामांनी त्यांना उचललं, न्हाऊ घातलं. आत्या चोरून बेसनाचा लाडू खायच्या आणि मामा ते पाहूनही न पाहिल्यासारखं करायचे. त्या गेल्यावर मामांनी गोड सोडलं ते असं की, रेवाच्या बारशाचा पेढासुद्धा कपाळाला लावून परत ठेवला.

डॉक्टरांनी बंद केलेली गोळी मामा चोरून घेत होते हे मला तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळलं. सकाळी "एक्क्याण्णव" अशी आरोळी आली तेव्हा. त्यांच्या उशीखाली पट्टी सापडली. मी ती हातात घेऊन अंगणात गेले. ते फाटकाशेजारच्या पायरीवर उन्हाला बसले होते. समोर गाय उभी होती आणि हातात अर्धी भाकरी.

"मामा, हे काय?"

"सत्कार होऊ दे," ते म्हणाले. "एवढ्या खेपेला. मग तू म्हणशील तसं."

"शालीसाठी जीव घालवायचा?"

"शालीचं कुणाला पडलंय? दोन पडल्यात कपाटात." त्यांनी गाईच्या तोंडात भाकरी दिली. "मंडळातली माणसं बघ. कुणाला सून दोन वेळा वाढत नाही, कुणाला पोरगा वृद्धाश्रमाचे कागद आणून दाखवतो. माझ्याकडं बघून म्हणतात, उंबरज्याचं काय, त्याला काय झालंयच कुठं? ह्या आकड्यामुळं म्हणतात. मी कुणाच्या अंगावर पडलेलो नाही, हे त्या आकड्यात लिहिलंय. तुझ्या आत्याचं मी केलं. माझं तू करावंस असं मला नको. तू लहान हायस. पोर लहान हाय."

मी त्यांच्या शेजारी बसले. रिक्षाबद्दल मी त्यांना खोटं सांगितलं होतं ते खरं सांगायचं की नाही, यावर माझ्या मनात गेले कित्येक दिवस भांडण चाललं होतं. सांगितलं तर हा माणूस मोडेल, असं वाटायचं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, न सांगूनच मोडतोय.

"मामा, बालवाडीनं रिक्षा सक्तीची केलेली नाही."

त्यांनी मान वळवली नाही.

मी सगळं सांगितलं. दप्तर, गिरणीची पायरी, लातूरची गाडी. एकच चप्पल का होती तेही. ते ऐकत राहिले. गाय वाट बघून पुढच्या दाराला गेली.

"तिनं एकटीनं रस्ता ओलांडला होता?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक.

"नाही. तुम्हीच ओलांडून आणलं आणि अलीकडं बसवलं होतं तिला. पायरीवर, आतल्या बाजूला. जागा बघून बसवलं होतं, आणि हलू नको म्हणून सांगितलं होतं."

"मला त्यातलं एक अक्षर आठवत नाही, गिरिजा."

"नाही आठवणार. एक्कावन्न साखरेला मलासुद्धा नाही आठवणार." मी गोळ्यांची पट्टी दोघांच्या मधे पायरीवर ठेवली. "तुमचं करायला मी कंटाळणार नाही, पण तो मुद्दा नाही. मला चौऱ्याऐंशीचा माणूस नको. मला रोज दुपारी बालवाडीच्या दारात उभा राहणारा, तिचा हात धरून रस्ता ओलांडणारा माणूस पाहिजे. तो दीडशेचा असला तरी चालेल. रिक्षावाल्याच्या भरवशावर मी तिकडं वर्गात उभी असते, पण लक्ष सगळं घड्याळाकडं."

ते ती पट्टी बोटानं उलटसुलट करत राहिले. मी म्हणाले, "एक विचारू? स्टँडवर तुम्ही गाडी वेळेआधी कधी सोडली?"

"कधी नाही. मेमो मिळतो." सवयीनं त्यांचा आवाज चढला. "उशीर झाला तर प्रवासी शिव्या घालतो, पण गाडी त्याला मिळती. दोन मिनिटं आधी सोडली, तर धावत आलेल्या माणसानं काय करावं? खेड्यातल्याला दिवसाला एकच गाडी. एक वेळ उशीर चालंल, पण आधी..."

ते थांबले. माझ्याकडं तिरकं पाहिलं.

"लई शिकलेली हायस तू."

"एम.एस्सी."

"केमिस्ट्रीत. आणि साखरेचं सांगायला मला एसटी शिकवतीस."

मग ती पट्टी उचलून त्यांनी माझ्या ओंजळीत ठेवली, आणि म्हणाले, "त्या गाईला उद्यापासून तू घाल. ती सवयीनं येणार."

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. पहिल्यांदा मशीनवर एकशे बेचाळीस आले तेव्हा मामांनी आकडा जाहीर केला नाही. मशीन माझ्यापुढं धरलं आणि नापास झालेलं पोर प्रगतिपुस्तक दाखवतं तसे उभे राहिले. मी म्हणाले, "छान." ते म्हणाले, "खोटं बोलायला तुला जमत नाही." पण दुपारी ते मशीन मामा आपण होऊन लावायचे, आणि आकडा तळाला गेला नाही. घाम आला नाही. बटणं सरळ लागायला लागली. डॉक्टरांनी पुढं आठवणीची तपासणी केली. वयाला शोभेल एवढाच विसराळूपणा, म्हणाल्या, आणि मामा म्हणाले, "एवढा तर सुरवसे सरांना जन्मापासून आहे."

सर फाटकाशी यायचेच.

"किती आज?"

"एकशे अडतीस."

"अहो उंबरजे, मैदानच सोडलंत की यंदा."

मामा फाटकाजवळ गेले. "सर, सकाळच्या पेपरात सगळेच पास होतात. एकदा दुपारी बारा वाजता बघा."

सर हसले. मग हसणं थोडं कमी झालं. "दुपारी मलाही जरा हात थरथरल्यासारखं होतं," ते म्हणाले. "कारल्यानं असेल म्हटलं."

त्या वर्षी शाल सुरवसे सरांना मिळाली. मामांनी सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्या. कार्यक्रम संपल्यावर सर शाल हातावर टाकून माझ्याजवळ आले आणि इकडंतिकडं बघत, खालच्या आवाजात डॉक्टर काझींचा पत्ता विचारला.

रेवा आता दहावीत आहे, आणि तिला यातलं काहीच आठवत नाही. मामा नंतरही बरीच वर्षं होते. ते कसे गेले ते वेगळं, शांत, आणि त्याचा साखरेशी काही संबंध नव्हता. त्यांची आठवण निघाली की मला मात्र तो एकच दिवस दिसतो. पुन्हा पहिल्यांदा ते रेवाला आणायला निघाले तो.

रिक्षा मी आदल्या दिवशी बंद केली होती. सिद्धेश फोनवर म्हणाला होता, "नक्की ना?" मी नक्की म्हणाले होते, आणि कॉलेजातून रजा घेतली होती. मामांना सांगितलं, डोकं दुखतंय. त्यांनी मशीन लावलं, मला दाखवलं. एकशे पंचावन्न. एक केळं खाल्लं, खिशात मूठभर फुटाणे टाकले, पंचा झटकला आणि निघाले.

मी डोक्यावरून ओढणी घेतली आणि अंतर ठेवून मागं चालायला लागले. त्यांची पावलं सावकाश होती, पण सरळ. गल्लीत कुणी रामराम केला की थांबून उत्तर द्यायचे. मी तेवढ्या वेळात कुणाच्या तरी दारातल्या तुळशीकडं बघायचे. गिरणीच्या कोपऱ्यावर ते थांबले. त्यांनी त्या पायरीकडं बराच वेळ पाहिलं, आणि मान न वळवता म्हणाले,

"गिरिजा, यायचं तर बरोबर चल. हे काय चेकिंग स्क्वॉडसारखं मागनं मागनं?"

मी पुढं झाले. "मी गिरणीत आलेय. दळण न्यायला."

"डबा कुठाय?"

माझ्या हातात काहीच नव्हतं. गिरणीवाल्या बाई आतून हसल्या. मामाही हसले, पण मग त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं, आणि हसणं थांबवलं.

"चल तू," ते म्हणाले. "बरोबर चल. मला वाईट वाटत नाही. पोर तुझं हाय."

समोरून मालट्रक गेला, धूळ उडाली. पलीकडून बालवाडीतल्या पोरांचा गलका ऐकू येत होता. मला म्हणायचं होतं, हो, चला. तोंडातून निघालं, "नको. मला भाकरी टाकायच्यात."

"डोकं दुखत होतं ना?"

"थांबलं."

त्यांनी मान हलवली. रस्त्याच्या कडेला उभं राहून उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं, पुन्हा उजवीकडं पाहिलं. मी पाठ फिरवली. गल्लीच्या तोंडाशी मागं वळून बघायची इतकी इच्छा झाली की मान दुखली. घरी आले, तवा ठेवला, पीठ घेतलं. पहिली भाकरी फाटली. दुसरी थापताना बोटांचे ठसे उमटत राहिले, इतकी मी ती दाबत होते. मागच्या वेळी याच सुमाराला दारात नुसतं दप्तर आलं होतं. कान फाटकाकडं.

फाटक वाजलं. आधी पळत रेवा आली, एकटीच. तिच्या मागं दप्तर घेऊन मामा, दम लागलेले, हसणारे.

"आई," रेवानं उजवा हात माझ्यापुढं धरला. तळवा लालभडक झाला होता. "बघ ना. आजोबांनी इतका घट्ट धरला, फाटकाच्या आत येईपर्यंत सोडलाच नाही."

मी पिठाच्या हातांनी तो हात धरला.

"दुखला का गं?"

"नाही," रेवा म्हणाली. "पण उद्या सांग त्यांना, थोडा कमी घट्ट धरा म्हणून."

"सांगते," मी म्हणाले.